मुंगीच्या कानाचं माप

१२ जून, सकाळ

दूध तापत होतं, मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते आणि शिट्टी सुरू झाली. परवाची गोष्ट, लिहायची राहिली. वाटलं किटली. गॅस बंद केला, शिट्टी चालूच. फ्रिजचं दार उघडून परत लावलं. रेडिओ तर हे गेल्यापासून बंदच आहे. शेवटी सून केस पुसत आली आणि म्हणाली की अहो आई, मुंगीचा कान वाजतोय.

खरंच. मुंगी, म्हणजे आमची नात, माझ्या पायाशी बसून चमच्याने फरशी वाजवत होती आणि तिच्या दोन्ही कानांच्या मशीनमधून शिट्टी.

संकल्प : मुंगीच्या कानांचं प्रकरण मी हातात घेणार. सून दिवसभर कामावर, मुलगा दीड महिना बाहेरगावी. घरात रिकामी आणि वाचणारी मी एकटीच.

१४ जून

वाचनालयातून कानाच्या मशीनवरचं पुस्तक आणलं. अर्धं वाचलं. पुरे आहे. मशीन कानामागे असतं, त्यातून नळी येते आणि नळीच्या टोकाला कानाच्या मापाचा मऊ मोल्ड. मोठ्या माणसाला एक मोल्ड वर्षानुवर्षं चालतो. पोरांचे कान वाढतात, मोल्ड वाढत नाही. सैल झाला की आवाज बाहेर गळतो, परत मशीनमध्ये शिरतो आणि शिट्टी.

ह्यांच्या फोटोला सगळं नीट समजावून सांगितलं. हे असते तर मन लावून ऐकलं असतं. मी बोलत असले की ह्यांच्या नाकपुड्या फुलायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. फार हळवा माणूस. आता घरात तसं ऐकणारी एक मुंगीच. मी तशी मितभाषी, पण ती तोंडाकडे टक लावून बघत बसते, मग बोलावं लागतं.

१७ जून

शिट्टीवर उपाय म्हणून कान झाकणारी लोकरीची टोपी विणली. दोन रात्री गेल्या.

टोपी घातली की जास्त वाजतं.

सुनेने पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग वाचला. त्यात टोपीबद्दल आहे म्हणाली.

१९ जून

कानांच्या दवाखान्यात गेलो. मोल्डवाल्या बाई वयाने माझ्या लेकीसारख्या, पण बोलणं मोजकं. जुने मोल्ड फारच सैल झालेत म्हणाल्या. नवे येईपर्यंत मशीनचा आवाज कमी करून ठेवला. म्हणजे शिट्टी नाही, पण मुंगीला ऐकूही कमी.

सुनेचा चेहरा उतरला. म्हणाली की आत्ताच ती नको म्हणताना नुसतं न म्हणते. दे म्हणायच्या जागी नुसता हात पुढे करते. मिळवलेले शब्द गळायला लागलेत. बाई म्हणाल्या की अडीच वर्षांच्या पोराचे ऐकण्याचे दिवस फुकट जाऊ देऊ नका, लवकर माप घेऊ.

मापाच्या दिवशी सुनेला सुट्टी नाही. मी म्हटलं, मी आहे ना. सून काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

२३ जून

माप झालं. उत्तम झालं.

बाईंनी आधी कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा बसवला, मग पिचकारीतून गुलाबी लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत पोरीने हलायचं नाही, बोलायचं नाही, चघळायचं नाही. मला म्हणाल्या, आजी, तिला नुसतं मांडीवर धरून बसा.

नुसतं धरून पोर बसतं होय? मी आमचं वॉशिंग मशीन जिन्यावरून कसं वर आणलं ती हकीकत सुरू केली. मशीन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकतं, वर दोघे हमाल, खाली हे, आणि मी सगळ्यांना सूचना देतेय. मुंगी इतकी रंगली की सारखा आ वासून माझ्याकडे बघत होती. बाईंनी दोनदा ओठांवर बोट ठेवून खूण केली. फुटले होते बहुतेक ओठ त्यांचे.

लगदा बाहेर काढून बाईंनी उजेडात धरला, कपाळाला आठी घातली आणि परत घेऊया का म्हणाल्या. मी म्हटलं, कशाला, इतकी शहाण्यासारखी बसली होती, आता पेंगुळलीय. म्हणाल्या, बरं, बघू मोल्ड बसतो का.

मोल्डचा रंग मी निवडला. जांभळा.

६ जुलै

जांभळे मोल्ड आले.

नीट बसत नाहीत. उजवा बोचतो, डावा गळतो. आवाज वाढवला की दोन्ही वाजतात. मुंगीने ओढून काढले आणि माझ्या हातात दिले. जबाबदार माणूस ओळखते.

कारखान्याची चूक. खरमरीत पत्र लिहिणार आहे.

७ जुलै

पत्राआधी बाईंना फोन केला. त्यांनी त्या दिवसाचं माप परत काढून बघितलं होतं. म्हणाल्या, आजी, जबडा हलला की कानाची नळीही हलते. लगदा घट्ट होत असताना पोरीने मोठ्या मोठ्या जांभया दिल्यात. त्यांनीही म्हणे परत माप घ्यायचा हट्ट धरायला हवा होता.

रंगली होती, हे मी सांगितलं. बाईंनी पुढच्या मापाची तारीख दिली.

पत्र रद्द. सुनेला सांगितलं की माप तांत्रिक कारणाने बिघडलं. ती म्हणाली की कळलं, बाईंनी मलाही फोन केला. रागावली असती तर बरं झालं असतं. जेवताना मुंगीने पाण्याकडे नुसतं बोट केलं. आधी पा म्हणायची.

संकल्प : पुढच्या मापाला तोंडातून अक्षर काढायचं नाही. रोज सकाळी दूध तापेपर्यंत मौनाचा सराव.

८ जुलै

सराव केला. दूध उतू गेलं, ते सुनेला ओरडून सांगावं लागलं.

९ जुलै

दूध आज लवकर तापलं, त्यामुळे सराव जमला. जवळजवळ. मुंगीला फक्त एवढंच समजावलं की आजी गप्प का बसलीय.

१३ जुलै

दुसरं माप. सुनेने बिनपगारी रजा घेतली. मी तोंडावर रुमाल धरून तयार होते, तर बाई म्हणाल्या की आजी, तुम्ही बाहेर बसा हं, आत जागा कमी आहे. आत कपाट, दोन खुर्च्या आणि एक झाडाची कुंडीसुद्धा मावते.

दाराच्या काचेतून दिसत होतं. मुंगी सुनेच्या मांडीवर. बाई समोर साबणाचे फुगे सोडतायत, ही नुसते डोळे फिरवतेय. जबडा बंद. दाराकडे एकदाही बघितलं नाही.

बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनाही बरं वाटेल म्हणून वॉशिंग मशीनची हकीकत सांगायला घेतली. फार सभ्य माणूस. मान हलवत होते. मशीन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलं आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. नाकपुड्या फुलल्या. डोळ्यांत पाणी आलं.

मी तिथेच थांबले.

म्हणाले, मग पुढे? मी म्हटलं, पुढे काही नाही, आलं वर.

रात्री

फोटोसमोर बसले. इतकी वर्षं. एकदाही जांभईला तोंड उघडलं नाही ह्या माणसाने.

२७ जुलै

नवे मोल्ड आले. पिवळे, रंग मुंगीने निवडला. चपखल बसले. बाईंनी आवाज वाढवून पूर्वीच्या जागी नेला, शिट्टी नाही. मुंगीने पंख्याकडे बघितलं, मग सुनेच्या हातातल्या किल्ल्यांकडे.

घरी येऊन मी गप्प होते. चांगला तासभर. पण पोर आता सगळं ऐकतेय म्हटल्यावर राहवेना. पंधरा वर्षांपूर्वीची हकीकत, एकदा तरी पुरी ऐकू दे तिला. सुरुवात केली. हमाल आले, मशीन उचललं, दुसऱ्या मजल्याचं वळण. मुंगीने हात वर करून तळवा माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, बस.

स्पष्ट. शेवटच्या स सकट.

सून स्वयंपाकघरातून धावत आली. परत म्हण म्हणाली. मुंगी माझ्याकडे बघून परत म्हणाली. सून फरशीवरच बसली, हसत होती की रडत होती कोण जाणे. आई, तिला स ऐकू आला, म्हणाली. इतका बारीक आवाज, तोच आधी जातो. नवा शब्द, आई. तुमच्यामुळे.

सुनेने मुलाला फोन लावला. त्याला ऐकवायला मला गोष्ट परत सुरू करायला सांगितली. केली. बस. मग सुनेच्या आईला, मग तिच्या बहिणीला, मग मोल्डवाल्या बाईंना. मशीन प्रत्येक वेळी वळणावरच राहिलं, खाली हे.

२८ जुलै

सकाळी ह्यांचा फोटो पुसला, काही न सांगता जागेवर ठेवला आणि दूध तापत ठेवलं.