मांजराच्या कपाळी कुंकू

तुळजापूर, मंगळवार, १८ जुलै १९७२

संताप आवरत नाही. यांच्या दूध संघातले साहेब बदली होऊन गेले आणि त्यांचं चपट्या तोंडाचं मांजर आमच्या गळ्यात घालून गेले. नाक असं नाहीच, म्हणून डोळे सारखे गळतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून रोज पुसावे लागतात. पाण्याची ही टंचाई, तरी सकाळचा चहा सोडून मी तेवढं पाणी काढते.

आज देवीचा वार, म्हणून सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं. असल्या तोंडाला कपाळ असतं कुठं? कुंकू सरळ डोळ्यांत उतरलं. शेजारच्या काकूंनी लाल पाणी पाहून गल्लीभर बोंब ठोकली, "मांजर रक्ताचं रडतंय! देवी कोपली, म्हणून पाऊस न्हाय!" बायका आल्या, पाया पडल्या आणि प्रत्येकीनं वर आणखी कुंकू लावलं. कुंकू! डोळे चिकटून मिटले, तरी कुणाला दया नाही.

मी बोळा घेतला तर काकू म्हणतात, "पुसू नगंस बाई, पाऊस यायचा न्हाय."

त्यांच्यादेखत पुसलं. बोळा लालभडक झाला, एक डोळा उघडला. आता पाऊस लांबला की गल्ली माझंच नाव घेणार. घेऊ दे. दुसरा डोळा अजून उघडलेला नाही.