एकडोळ्याची दरड

१२ फेब्रुवारी

ग्यानोबा जेसीबी घेऊन कयाधूच्या दरडीतली माती काढत होता, वीटभट्टीसाठी. निघाला दात! विटेएवढा, दगड झालेला. मग कवटी. अर्धी मातीत, अर्धी बाहेर, आणि मधोमध एकच मोठं भोक. अख्खं गाव पळालं. एकडोळ्या राक्षस सापडला म्हणे! लहानपणी सगळ्यांना ज्याची भीती घातली, तोच. सासूबाई नारळ घेऊन गेल्या.

मी सातवीच्या वह्या तपासल्या.

१४ फेब्रुवारी

नांदेडहून अफरोज नावाचा मुलगा आलाय. जुन्या हाडांवर पीएचडी करतो. शाळेत विज्ञान मी शिकवते, म्हणून सरपंचांनी माझ्याकडे पाठवला.

"मॅडम, हत्ती आहे हा. वीस-तीस हजार वर्षांपूर्वीचा असेल. ते भोक डोळ्याचं नाही, सोंडेचं. सोंडेला हाड नसतं ना, ती सडून जाते." पुरानंतर पूर्वीच्या लोकांना अशीच एखादी कवटी दिसली असेल, त्यातूनच एकडोळ्याची गोष्ट झाली असेल, असं त्याला वाटतं.

"नदीचं नावही राक्षसाच्या बायकोचंच आहे," मी म्हणाले. प्रल्हादाच्या आईचं. तो खूश! लगेच वहीत लिहून घेतलं. एरवी मलाही मजा वाटली असती.

१५ फेब्रुवारी

बाकीचा सांगाडा आत आहे. दरडीवरच्या बाभळीपर्यंत खणावं लागेल म्हणतो.

बाभळीखाली माझी प्रतीक्षा आहे.

एवढी लहान लेकरं आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. त्याच दरडीवर. वर काटेरी फांदी आणि चार दगड, बाकी खूण नाही. त्याला कसं कळणार? अडीच वर्षांची होती. डेंग्यू. तीन महिने झाले.

१७ फेब्रुवारी

उठले. शाळा. आले.

१८ फेब्रुवारी

अफरोजला एकच वाक्य सांगायचं होतं. तो समोर बसला होता, चहा प्याला, गेला. वाक्य तोंडातून निघालं नाही. अजून कुणालाच ते सांगितलेलं नाही, ज्यांना कळलं त्यांना दुसऱ्यांकडून कळलं.

यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणाले, "इतकं काय! आपुन हलवू की तिला दुसरीकडं." हेही तिचे वडीलच आहेत.

हलवू म्हणे.

२० फेब्रुवारी

ग्रामसभा. सगळे खणायच्या बाजूने. संग्रहालय होईल, रस्ता होईल. मी उभी राहिले.

"राक्षसच आहे तो. हात लावू नका. गावाला बाधेल."

अफरोज माझ्याकडे बघतच राहिला. ग्यानोबा म्हणाला, "काहून म्याडम? तुमीच तर पोराईला शिकवता, राक्षस नसतेत म्हणून!" मी म्हटलं, "शिकवत होते." मागून कुणीतरी बोललं, "इज्ञानाच्या बाई म्हणून राहिल्या, मंग खरंच असंल!" झालं. आठ वर्षं शिकवलं ते दोन मिनिटांत पुसलं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

२२ फेब्रुवारी

कवटीवर माती लोटली. वर शेंदराचा दगड. अफरोज जाताना म्हणाला, "तुमच्याकडून अपेक्षा नव्हती, मॅडम."

बराबर आहे त्याचं.

१ मार्च

शनिवार. सासूबाई एकडोळ्याला नैवेद्य दाखवायला निघाल्या, मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे. दगडासमोर बसून कुणा शेजाऱ्याशी बोलावं तशा बोलत होत्या. "लेकरू तुझ्या उशाला निजलंय, बाबा. कोल्ही-कुत्री येऊ देऊ नको. घाबरट हाय ते. तू दिसाया भयान, पर तिला भेवाडू नको."

खोटं मी बोलले होते. एका वाक्यापुरतं. सासूबाईंनी त्याला राखणदार करून टाकलं! हसू यायला हवं होतं. मी तांब्या धरून उभी राहिले.

८ मार्च

सासूबाईंचे गुडघे धरलेत, म्हणून आज मीच गेले. एक भाकरी त्याची. आणि एक चानकी, तळहाताएवढी, लेकरांसाठी करतात ती. त्याला सांगितलं — तिला गरम चालत नाही, फुंकर घालून दे.