एकहार्टची अकरा वाक्यं

मरीन परेड, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०१६

प्रिय उल्हासदादा,

‘प्रिय’ हा शब्द आज हाताच्या सवयीने उतरलाय, मनाने नव्हे. फोन मुद्दाम केला नाही, कारण फोनवर तू मला चौथं वाक्य बोलू देत नाहीस. चार दिवस माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय. मी भांडी आपटतेय आणि तुझी लाडकी भाची गार्गी ‘मामा सो अनफेअर लाह’ म्हणत घरभर फिरतेय. पोरीचं मराठी कच्चं असेल, पण अन्याय तिला तुझ्यापेक्षा बरा कळतो.

शनिवारी आपल्या गणेशोत्सवाच्या नाटकाची तिसरी घंटा व्हायला दहा मिनिटं असताना तू एकहार्टला, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, तोंडाला रंग लावलेला असताना घरी पाठवलंस. का, तर तो नटराजाच्या मूर्तीसमोर थुंकला! मग त्याची जर्मन कप्तानाची भूमिका मंडळातल्या दिलीपने हातात कागद धरून वाचली आणि लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या. आपले लोक मसालेभाताचं पाकीट मिळणार असेल तर कशालाही टाळ्या वाजवतात. त्यावर फुशारू नकोस.

आणि वर मंडळात म्हणालास म्हणे, टीव्हीवर प्रेतावरची चादर उचलणारा माणूस, त्याला रंगभूमीचं पावित्र्य काय कळणार? उचलली जीभ लावली टाळ्याला! तू एकदा तरी त्याला चहाला बोलावलंस? तो चार वर्षं आमच्या शेजारी राहतोय, बायको गेल्यापासून मुलीकडे. मुलगी वन-नॉर्थला संशोधनाच्या कामात, हा दिवसभर एकटा. म्हणून मला सगळं ठाऊक आहे. ऐक आता.

जर्मनीतल्या रोस्टोक बंदरात याचा बाप जहाजं जोडायचा. हा एकोणिसाव्या वर्षी जवळच्या गावच्या नाटकघरात पगारी नट म्हणून लागला. तिथे गावाचं स्वतःचं नाटकघर असतं, नट तिथलेच, आज राजा तर उद्या न्हावी. तीस वर्षं त्याने हे केलं. मग दोन जर्मनी एक झाले आणि त्याचं नाटकघर बंद पडलं. एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस घरी बसला. दोन वर्षांनी एका पोलिसी मालिकेत काम मिळालं, प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरचं. चादर उचलायची आणि माणूस किती वाजता मेला ते सांगायचं. सतरा वर्षं! बाजारात भाजी घ्यायला गेला तरी लोक त्याला हेच वाक्य म्हणायला लावायचे. सगळा देश त्याला ओळखायला लागला आणि त्याची तीस वर्षांची राजेमहाराजांची कामं कुणाला आठवेनात. तो हे हसत सांगतो. मला हसू येत नाही. शनिवारी तो पंचवीस वर्षांनी रंगमंचावर पाऊल ठेवणार होता, दादा. अकरा वाक्यांसाठी.

ती अकरा मराठी वाक्यं त्याने जर्मन अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवली होती. अजूनही तिथेच आहेत. चार महिने दर रविवारी बस, मग एमआरटी असा दीड तास प्रवास करून तो तुझ्या बुकित बातोकला तालमीला यायचा, आणि तुझ्या कंपाउंडमध्ये राहणाऱ्यांच्या आधी हजर असायचा. हे तरी कबूल करशील ना?

आता थुंकण्याचं. पडदा उघडण्याआधी त्यांच्याकडे नट एकमेकांच्या डाव्या खांद्यावरून ‘तोय तोय तोय’ करतात, तीनदा थुंकल्यासारखं, नुसता आवाज. दृष्ट लागू नये म्हणून. ऋचाचं ते पहिलंच नाटक, म्हणून त्याने तिच्या खांद्यावरून तसं केलं. तिच्या मागे स्टुलावर नटराज होता, हा त्याचा गुन्हा! हॉलवाले आत नारळ फोडू देत नाहीत म्हणून आपण तो कार पार्कमध्ये फोडून आणला, तेव्हा बरा तुझा नटराज कोपला नाही. आणि आई? राज्य नाट्य स्पर्धेला तू निघालास की मीठमोहऱ्या ओवाळून तुझ्यावरून तीनदा थू थू करायची ती कोण होती? देवघराच्या दारात उभी राहून करायची. तेव्हा तू वाकून तिच्या पाया पडायचास.

आता जे लिहितेय ते लिहायला चार दिवस लागलेत. मला हे माहीत होतं. एकहार्टने मला जुलैमध्येच ती रीत करून दाखवली होती, आम्ही दोघं खूप हसलो होतो. तू ओरडलास तेव्हा मी प्रॉम्प्टिंगची वही छातीशी धरून विंगेत उभी होते, तुझ्यापासून चार पावलांवर. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. नाही बोलले. पन्नाशीला आलेली बाई मी, पण तू आवाज चढवलास की अजून दहा वर्षांची होते. नाटकभर सगळ्यांना विसरलेली वाक्यं सांगणारी मी, आणि नेमकी तेव्हाच मूग गिळून बसले. तेव्हा हा राग निम्मा तुझ्यावर आहे, निम्मा माझ्यावर.

तुझं मराठीतलं ओरडणं त्याला कळलं नव्हतं, आणि वर मी त्याला खोटं सांगितलं. म्हटलं, वेळ कमी पडला म्हणून तुमचा प्रवेश कापावा लागला. त्याने मान हलवली. म्हणाला, वाटलंच. त्या ‘तोय तोय’ला कधी आभार मानायचे नसतात, अपशकुन होतो, आणि ऋचा बिचारी पटकन थँक्यू म्हणाली. तिला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल, असंही वर म्हणाला. आणि मग विचारलं की उल्हासचं काम कसं झालं. तुझ्याबद्दल विचारलं, दादा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीचं इथलं काम संपलंय. रविवारी ते दोघं कायमचे रोस्टोकला परत जाताहेत. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या हॉलमध्ये मी तो एकच प्रवेश करायचा ठरवलाय. सोफा बाल्कनीत ढकलीन, ऋचा येतेय, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणीन. पितृपक्ष लागतो हे कारण मला सांगू नकोस. बाकी सगळं जमलंय, अडलंय फक्त तुझ्यापाशी. काल मी तुझी बंदर अधिकाऱ्याची वाक्यं वाचून बघितली, मग गार्गीने वाचली. एकहार्ट नुसता आमच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला मराठी कळत नाही रे. त्याने ती अकरा वाक्यं तुझ्या आवाजावर पाठ केलीत. तू कुठे थांबतोस, कुठे आवाज खाली आणतोस, तिथून त्याचं वाक्य सुरू होतं. तुझ्याशिवाय त्याला एक शब्द आठवत नाही. माफी मागू नकोस, तुला ती जमायची नाही. फक्त ये, आणि तुझं पहिलं वाक्य म्हण. देवघरातली घंटा मी काढून ठेवलीय. दोन देईन पाचला, तिसरी तू दारात दिसल्यावर.

भांडलेली, तरीही तुझीच,
विद्या