घरी विचारून सांगते

मंचर, गुरुवार

प्रिय मच्छिंद्र यास,

तुझ्याकडचा रामराम आणि माझ्याकडचा जय जिनेंद्र, दोन्ही घे. गुडघा कसा आहे? निर्मलावहिनींची साखर आटोक्यात आहे का? मेंढरं अजून आहेत, की सगळी विकून नुसता बटाटाच लावलास? पेठच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की तुझा बटाटा यंदा चांगला निघाला, म्हणजे तू बरा असणार असं मी धरून चालतो. मीही बरा आहे. अक्षर बघून दचकला असशील, तर त्याचा खुलासा शेवटी केला आहे. पण मधली पानं गाळून तिकडे जाऊ नको. शाळेत असताना तू धडा न वाचता प्रश्नांची उत्तरं शोधायचास, तसं करू नको.

मोहनबाईला जाऊन आणि मला विधुर होऊन येत्या पौर्णिमेला चार महिने होतील. तू मौतीला आला होतास, सगळ्यात मागे उभा राहिलास आणि न बोलता निघून गेलास. त्याचा राग नाही. तू मागे का उभा होतास हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं आहे, आणि ते कसं कळलं हाच या पत्राचा विषय आहे.

आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मोहनबाईचा शिवणवर्ग दर बुधवारी तीन ते पाच चालायचा, हे तुला माहीत आहे, कारण मीच तुला दहा वेळा सांगितलं असेल. व्यापारी मंडळातही मी अभिमानाने सांगायचो. तर तो शिवणवर्ग नव्हता. नऊ वर्षांत कधीच नव्हता. (नऊ वर्षं माणसं माझ्या गल्ल्यासमोरून जिना चढली आणि उतरली, आणि एकाच्याही हातात शिवलेलं कापड नव्हतं. मी कापडाचा व्यापारी, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.) मोहनबाई खोटं बोलली असंही नाही. ती एवढंच म्हणाली होती की वर काही माणसं येतील, बसतील, बोलतील. शिवण हे मी माझ्या मनाने ठरवलं. एवढंच नाही, तर ‘सोबती मंडळ’ अशी पाटी रंगवून आणली ती मीच, आणि मोकळी जागा राहिली म्हणून पेंटरला तिच्यावर शिलाई मशीन काढायला सांगितलं तेही मीच. मोहनबाईने पाटी बघितली आणि म्हणाली, छान आहे.

हे मंडळ ज्यांना आपण गावात नावं ठेवतो त्यांचं आहे. पुरुषावर जीव असलेले पुरुष, बाईवर जीव असलेल्या बाया, आणि ज्यांच्या जन्माला मुलगा म्हणून पेढे वाटले पण ज्या मुली निघाल्या त्या. कागदोपत्री त्याला इंग्रजी अक्षरांची एक रांग आहे. मला तिसऱ्या अक्षराच्या पुढे पाठ होत नाही. साळुबाईला तर पहिलंही येत नाही, आणि ती संस्थापक सदस्य आहे. मोहनबाई अध्यक्ष होती. मी बेचाळीस वर्षं एका अध्यक्षाच्या हातची भाकरी खात होतो आणि मीठ कमी आहे म्हणत होतो.

हे मला कळलं ते उठावण्याच्या दिवशी, शोकसभेत. पस्तीस-चाळीस अनोळखी माणसं आली, शेवटपर्यंत बसून राहिली, आणि मंडळ कशाचं आहे ते जाताना त्यांनीच सांगितलं. मला धक्का बसला. मी घुम्या माणूस आहे, मला धक्का बसला तर मी हिशेबी विचार करतो. मी ठरवलं की लग्नसराईचा माल ठेवायला खोली लागते, तेव्हा मंडळाला जागा रिकामी करायला सांगावं. पहिल्या बुधवारी बरोबर तीन वाजता वर गेलो. त्यांना वाटलं मी मोहनबाईच्या जागी आलो. मला तिच्या खुर्चीत बसवलं, तिच्या कपात चहा दिला, आणि सभेला सातजण लागतात, आज सहाच होते, काका आले म्हणून बरं झालं, असं म्हणून रजिस्टर पुढे केलं. मी सही करून खाली आलो. दुसऱ्या बुधवारी पुन्हा सांगायला गेलो.

दुसऱ्या बुधवारी फोन वाजला. तिथे एक फोन आहे. ज्याला कुणाशी बोलता येत नाही त्याने त्यावर बोलायचं. मी जवळ होतो, उचलला, आणि सवयीने दुकानाचं नाव सांगितलं. पलीकडे डिंभ्याचे सावळेराम म्हणून साठीचे गृहस्थ होते. धरणात मासे धरतात. त्यांनी विचारलं, “बाई न्हाईत का?” मी सांगितलं. तेवढ्यावरच त्यांचे मासे सुरू झाले. पाणी किती उतरलं, जाळं कुठे टाकलं, मरळ कशी चिखलात दडते. मच्छिंद्र, मी कांदासुद्धा न खाणारा माणूस, अर्धा तास मरळ ऐकत होतो. फोन ठेवावा कसा हे समजेना. मी खुणेने विचारलं तर मंडळाचं काम बघणारी हिरा हळूच म्हणाली, “काका, मासं आलं की ऐकायचं. मधीच एक वाक्य येतं. ते त्यांचं असतं.” मोहनबाई रस्त्याने माशाची पाटी गेली तरी पदर नाकाला लावायची. तिने चार वर्षं दर बुधवारी हे ऐकलं होतं, त्या एका वाक्यासाठी.

आणि वाक्य आलं. सावळेराम म्हणाले, “माझा बी गेला, मागल्या महिन्यात. एकतीस वर्सं एका होडीत व्हतो. लोकं म्हनत्यात, दुसरा भागीदार बघ.” मला चार महिन्यांत खूप लोक भेटायला आले. कुणी पुण्य सांगितलं, कुणी कर्म सांगितलं, एकाने दुसऱ्या लग्नाचंही सुचवलं. पण मला काय झालं आहे हे कळणारा पहिला माणूस हा मासे धरणारा होता. फोन दोघांनीही लवकर ठेवला नाही. जागेचं बोलणं त्या दिवशीही राहिलं, आणि पुढे दोन महिने राहतच गेलं.

तिसऱ्या वेळी मी युक्ती काढली. तोंडाने सांगवत नाही तर पाटी काढून टाकावी, शहाण्या माणसांना समजेल. मंगळवारी दुपारी, कुणी नसताना, शिडी लावून चढलो. दोन खिळे निघाले, आणि खालून आवाज आला, “काका, काय करताय?” हिरा होती. मी म्हणालो, पाटी पुसतो आहे. (हातात पक्कड होती.) तिने पक्कड बघितली आणि म्हणाली, “पुसा. त्या मशिनीमुळंच तर आमी जिना चढू शकलो. लोकांना वाटायचं शिवायला चालल्यात. बाई म्हनायच्या, ह्यांनी नकळत लई मोठं काम केलंय, सांगू नका, फुगतील.” हे ऐकून मी शिडीवरून पडलो. उजवं मनगट मोडलं.

ती मला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली. तिथे फॉर्मवर नातं लिहायचं होतं. ती पेन धरून थांबली. सिस्टर म्हणाल्या, अहो लवकर. मी म्हणालो, पुतणी लिही. आपण दोघे मानलेले भाऊ आहोत, तेव्हा त्यात खोटं काही नाही. तुला कळलंच असेल की मी कोणाबद्दल लिहितो आहे. तू तिला दुसऱ्या नावाने हाक मारायचास. तिने हिरा हे नाव घेतलं, तुझ्या आईचं. मौतीला ती पुढे होती, म्हणून तू मागे उभा राहिलास, हे मला तेव्हा उमगलं.

प्लास्टर वाळेपर्यंत तिने मला एक गोष्ट सांगितली. नऊ वर्षांपूर्वी तू तिला घरात पाय ठेवायचा नाही म्हणालास, आणि चौथ्या दिवशी स्वतःच शोधत माझ्या दुकानात आलास. चपलेचा अंगठा तुटलेला होता तुझा. तू मला विचारलंस, “इकडं आलं व्हतं का?” मी नाही म्हणालो, आणि मला खरंच माहीत नव्हतं. मोहनबाईने तुला चहा दिला आणि दुसरा कप घेऊन ती वर गेली. मला वाटलं स्वतःसाठी नेला. तिला तू रागाने शोधतोस की मायेने हे कळलं नाही, म्हणून तिने वाट बघितली. तू पुन्हा आला नाहीस. त्या खोलीतच मग मंडळ सुरू झालं. हिरा म्हणते, वरून तिला तुझी फक्त चप्पल दिसत होती.

आता तिचं काम थोडं सांगतो. (इथे वाद झाला. मी म्हणालो, पत्र माझं आहे.) साळुबाईचं रेशनकार्ड बाईच्या नावाने व्हावं म्हणून ती एका कचेरीत एकोणीस वेळा गेली. आवाज चढवला नाही, रोज तीच फाइल, तोच नमस्कार. विसाव्या वेळी कारकुनाने स्वतः उठून खुर्ची दिली आणि म्हणाला, “ताई, तुमी बसा, मीच साहेबाकडं जातो.” सभेत नवा माणूस असेल तर तो आधी बोलतो आणि ही शेवटी. कळंबच्या एका मुलीला घरचे न्यायला आले होते, तर हिने दार उघडून त्यांना आधी पाणी दिलं, मग बसवलं, मग ऐकवलं. दोन तासांनी मुलगी आपल्या मर्जीने इथेच राहिली आणि बापाने जाताना हिला नमस्कार केला. मी गल्ल्यावर बसून माणसं ओळखतो असं समजत होतो. मला फक्त मीटर कळतो.

गेल्या महिन्यात अध्यक्ष निवडायची सभा झाली. सगळ्यांनी हिराचं नाव घेतलं. हात वर झाले, माझा प्लास्टरवालाही. आणि ती म्हणाली, “घरी विचारून सांगते.”

आपल्याकडे तशी रीतच आहे. सोसायटी असो की पतपेढी, पद आलं की माणूस घरी विचारतो. पण मच्छिंद्र, नऊ वर्षं घर नसलेल्या मुलीने ते म्हटलं, आणि खोलीत कुणी हसलं नाही. प्रत्येकाला कुठलं तरी घर आठवलं असावं. साळुबाई म्हणाली, “इचार बाई. आमी थांबतो.” आणि खरंच थांबले आहेत. तीन बुधवार झाले. दर वेळी विषयपत्रिकेत पहिला विषय तोच, आणि ती सांगते, अजून विचारलं नाही, आणि सगळे म्हणतात, बरं. तोपर्यंत मी तात्पुरता अध्यक्ष आहे. लग्नसराईचा माल वरच्या खोलीत न ठेवता मी घराच्या देवघराशेजारी रचला आहे. मोहनबाई असती तर ओरडली असती.

एवढंच. वहिनींना नमस्कार, मेंढरं असतील तर त्यांनाही.

तुझा,
मदनलाल

ता. क. : बाकी सगळी खुशाली मी उगाच विचारली. काम एवढंच आहे की येत्या बुधवारी तीन वाजता पहिला विषय पुन्हा तोच आहे. तू भाषण करू नको, माफी मागू नको, तुला दोन्ही जमत नाही. आलास तर जिन्याच्या तोंडाशी चप्पल काढ. नाही आलास तर फोनवर हो किंवा नाही सांग. पण नाही सांगायचं असेल तर मला सांग, तिला नको.

ता. क. २ : हात मोडल्यामुळे मला लिहिता येत नाही. मी सांगत गेलो, आणि लिहिलं कुणी ते तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असणार. पेठच्या ग्रामपंचायतीचा फळा शाळेत असताना हेच अक्षर लिहायचं, आणि तू वही माझ्या दुकानात आणून गिऱ्हाइकांना दाखवायचास. स्तुतीच्या चार ओळी तिने गाळल्या होत्या. मी वाचून परत घालायला लावल्या. पाकिटावरचं अक्षर बघूनही तू पत्र फोडलंस आणि इथपर्यंत वाचलंस, तर मी समजायचं ते समजतो. ती म्हणते, खाली थोडी जागा सोडा. सोडली आहे. मी चहा सांगायला खाली जातो.

आण्णा, मंडळवाले मला अध्यक्ष करत्यात. आईला पण विचारा. घेऊ का?
— हिरा