ओझे वाटेत, चाल पुढे

४ जानेवारी, सकाळी ७.२०

निश्चय पक्का. १९ मार्चला हिचा वाढदिवस. त्या दिवशी इथून लेकीच्या घरापर्यंत धावत जाणार. अंतर एकवीस किलोमीटर, मधे एक पूल, एक चढ. पोचल्यावर हिला घेऊन परत येणार. परत बसने.

ही ऑक्टोबरपासून लेकीकडे आहे. चार दिवसांसाठी गेली आहे.

जाताना एकच वाक्य बोलली. आम्ही तळ्याकाठी फिरायला गेलो होतो. मी कविता म्हणत पन्नास पावलं पुढे होतो. हिने माझी पाण्याची बाटली, टोपी, स्वेटर, छत्री, चष्म्याचं घर आणि कवितांची वही बाकावर ओळीने मांडली आणि म्हणाली, तुमचं पाणी तुम्ही उचला. मग समोरून आलेली बस पकडली.

तीन महिने त्या वाक्यावर विचार केला. एकोणचाळीस वर्षांत हिने माझ्या तब्येतीविषयी इतकी नेमकी सूचना कधी केली नव्हती. पाणी उचलायचं. ठरलं. प्रश्न फक्त कशात.

५ जानेवारी

धावलो नाही. साधनांशिवाय सुरुवात करणं अशास्त्रीय.

९ जानेवारी, दुपार

इंटरनेटवर चार तास. लांब पळणाऱ्यांत एक पंथ आहे, मिनिमलिस्ट. कमीत कमी सामान, कमीत कमी वजन. टूथब्रशची दांडीसुद्धा कापतात. वाचताना डोळे भरून आले. जगाला हे आत्ता सुचतंय. आम्हाला पाचवीच्या पुस्तकात होतं.

दूर गाव, ऊन माथी, पांथस्था रे थांबू नको;
ओझे वाटेत, चाल पुढे, एकट्याने वाहू नको.

बाई फळ्यावर लिहायच्या तेव्हा खडूची भुकटी उन्हाच्या तिरिपेत तरंगायची. मी खिडकीशी बसायचो. फळा जरा तिरका दिसायचा, पण मन कवितेत असायचं. 'एकट्याने'चा अर्थ मात्र कधी लागला नाही. मात्रा भरायला घातला असावा. बाकी ओळ सोन्यासारखी. ओझं वाटेत ठेवा आणि सुटा. आयुष्यभर हेच केलं.

पाठांतराच्या स्पर्धेत दुसरा आलो होतो. एका शब्दाने पहिला नंबर गेला, असं बाई म्हणाल्या. कोणत्या, ते मी विचारलं नाही. माझा तसा स्वभाव नाही. पहिली आलेली मुलगी बाईंच्या ओळखीतली असणार.

१२ जानेवारी, रविवार

हिला फोन. योजना गुप्त ठेवली. फक्त म्हटलं, तुझ्या सूचनेवर काम चालू आहे. ही म्हणाली, कोणत्या? मी म्हटलं, कळेल. ही म्हणाली, बरं. आवाजात उत्सुकता होती.

१५ जानेवारी

खेळाच्या सामानाचं दुकान. दुकानदार तरुण, बोलघेवडा. हातात धरायची पट्टेवाली बाटली घेतली. दुकानदार म्हणाला, काका, अर्धा लिटर आहे, दमानं. मी म्हटलं, मला हलकी हवी. तो म्हणाला, बाटली हलकीच आहे, जड पाणी आहे. मी विचारलं, त्याचं काही करता येईल का. त्याने बिल केलं. तरुण पिढीत कल्पनाशक्ती कमी.

१६ जानेवारी

स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटली तोलली. ८४ ग्रॅम. लेबल खरवडलं, टोपणाची दोरी कापली. ७९. पाच ग्रॅम वाचवले! काट्याच्या ताटलीवर पिठाचा थर होता, तो यात धरलेला नाही.

१९ जानेवारी, सकाळी ६.४०

पहिला रन. लाँड्रीच्या कोपऱ्यापर्यंत. चारशे मीटर. बाटली प्रत्येक पावलाला खळखळते, जणू कोणीतरी मागून गुळण्या करतंय. उजवा खांदा भरून आला. एकाच बाजूला वजन, त्यामुळे मी डावीकडे झुकून पळत होतो. लाँड्रीवाल्याने पाठ धरली का म्हणून विचारलं.

दोष गियरचा, म्हणजे साधनांचा.

२३ जानेवारी

बागेत धावणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यांचा म्होरक्या निवृत्त पीटी मास्तर, गळ्यात शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. त्याचा सल्ला घेतला. म्हणाला, काका, सध्या पळता किती? मी म्हटलं, तयारीच्या टप्प्यात आहे. म्हणाला, दोन किलोमीटरला पाणी लागतच नाही हो, आधी पळा, बाटलीचं मग बघू.

माणूस चांगला आहे. पण दृष्टी नाही.

३० जानेवारी

कमरेचा पट्टा आला. दोन छोट्या बाटल्या, दोन्ही बाजूंना एकेक. समतोल! पट्टा पोटाच्या वर बांधला तर खाली घसरतो, खाली बांधला तर पँट घेऊन घसरतो. सहाशे मीटरवर तो पूर्ण फिरला आणि दोन्ही बाटल्या मागे आल्या. समोरून शेजारीणबाई येत होत्या. एका हाताने पँट, दुसऱ्या हाताने नमस्कार. त्यांनी विचारलं, वहिनी कधी येणार? मी म्हटलं, आणखी चार दिवस. त्या म्हणाल्या, मागच्या महिन्यातही चारच म्हणाला होतात.

काही लोकांना दिवस मोजण्यापलीकडे उद्योग नसतो.

२ फेब्रुवारी, रविवार

हिला फोन. चादर धुवायला टाकताना उशीचा अभ्रा वेगळा काढायचा असतो का, विचारलं. ही म्हणाली, हो. मागे लेक हसत होती. कशाला ते कळलं नाही. दोघी कुठूनतरी आल्या होत्या, धापा टाकत होत्या. जिना चढल्या असतील. लेकीकडे लिफ्ट आहे, पण बंद असेल.

९ फेब्रुवारी

सॉफ्ट फ्लास्क. मऊ पिशवी, पाणी पिऊ तशी आकसत जाते, शेवटी रुमालाएवढी होते. वजन २६ ग्रॅम. शर्टाच्या आत छातीशी ठेवली. कल्पना काव्यमय, हृदयाशी झरा. दुसऱ्या वळणावर झरा फुटला. पाणी थेट खाली उतरलं. बागेपर्यंत मान वर करून गेलो. शिट्टीने शिट्टी वाजवून सगळ्यांना दुसरीकडे वळवलं.

मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गळतीच्या तक्रारी घेतल्या. प्रत्येकाला सांगायचो, तक्रार नोंदवली आहे. आज दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, काका, तक्रार नोंदवली आहे.

१४ फेब्रुवारी

सर्वाधिक अंतर आतापर्यंत १.१ किलोमीटर. त्यात परतीचं चालणं धरलेलं आहे.

१७ फेब्रुवारी, सकाळी ६.००

साक्षात्कार! पाणी उचलायचंच कशाला? आधी वाटेवर ठेवून यायचं. ओझे वाटेत! कवीने शब्दशः लिहून ठेवलंय आणि मी पट्टे आवळत बसलो. बसने जाऊन पाच ठिकाणी बाटल्या लपवल्या. कुंपणाच्या मागे, पुलाच्या कठड्याखाली, दवाखान्याजवळच्या झुडपात. नकाशा काढला.

२० फेब्रुवारी

पाहणी. पहिली बाटली सफाईवालीने उचलली. दुसरी माळ्याने कुंडीत ओतली, वर मला दाखवून म्हणाला, बघा काका, कोणतरी पुण्यवान ठेवून जातो. तिसरीवर एक कुत्रा बसला होता. उठायला तयार नव्हता. चौथी आणि पाचवी कुठे ठेवली ते नकाशावरून कळत नाही. नकाशा मी काढला, पण चांगलं अक्षर हिचं. असे कागद नेहमी हीच लिहायची.

२१ फेब्रुवारी

पाऊस नाही, ऊन नाही, कारण नाही. झोपून राहिलो.

लहानपणी माझं दप्तर धाकटी बहीण न्यायची. मी कविता म्हणत पुढे. ऑफिसात डबा आणि फायली शिपाई आणायचा. नंतर ही. कोणी कधी तक्रार केली नाही. मोकळ्या हातांनी चालणाऱ्याकडे बघून लोकांना बरं वाटत असावं.

२ मार्च, रविवार

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, तू आईला एकदा तरी विचारलंस का, ती कशी आहे? मी म्हटलं, दर रविवारी फोन करतो. लेक म्हणाली, करतोस रे. अभ्र्याचं विचारायला.

लेक थोडी चिडकी झाली आहे. नोकरीचा ताण.

८ मार्च

अंतिम निर्णय. पट्टा, बाटली, फ्लास्क, सगळं कपाटात. पाणी न्यायचंच नाही. शून्य ग्रॅम. याहून मिनिमलिस्ट काय असतं? शिट्टीला सांगितलं. म्हणाला, काका, एकवीस किलोमीटर बिनपाण्याचं? वहिनींना काय तुम्हाला दवाखान्यात बघायला बोलावताय? मी हसलो. तो हसला नाही.

१८ मार्च, संध्याकाळ

बूट दाराशी. टोपी नको, ४० ग्रॅम. मोबाइल नको. बसपाससुद्धा नको म्हणत होतो, पण परतीला लागेल. भेटवस्तूचा विचार केला. वजन. नको. दारात उभं राहून ती दोन ओळींची कविता म्हणायची आणि मग म्हणायचं, चल. हिचे डोळे पाणावतील. मग सामान भरायला अर्धा तास.

१९ मार्च, रात्री आल्यावर लिहितो

५.५० ला निघालो. पहिला किलोमीटर उत्तम. दुसरा बरा. पुलावर, म्हणजे ३.८ किलोमीटरवर, घसा असा कोरडा पडला की गिळताना कागद चुरगळल्यासारखं वाटलं. कठड्याला धरून उभा राहिलो. खाली एवढं मोठं पाणी वाहत होतं. माझ्या कामाचं नव्हतं.

मग बस.

लेकीच्या घराच्या एक स्टॉप आधी उतरलो, शेवटचे तीनशे मीटर पळत जावं म्हणून. दहा पावलं पळालो असेन, मागून आवाज आला, अहो, आमचा स्टॉप पुढे आहे.

ही. पायात बूट. सोबत लेक. दोघी रोज पहाटे सात किलोमीटर पळतात म्हणे, डिसेंबरपासून. मला बसमधून उतरताना दोघींनी पाहिलं होतं. दोघींत मिळून एकच बाटली, सरबत संपल्यावर धुऊन ठेवलेली, साधी. मागच्या विजेच्या खांबापर्यंत हिने धरली होती, तिथून लेकीने घेतली. रोज अशी पाळी असते. मी हात पुढे केला. लेकीने दिली. तळाला दोन घोट होते. ती म्हणाली, बाबा, एक आईला ठेव.

दोन्ही पिऊन झाल्यावर ऐकू आलं.

तरी कविता म्हटली. फुटपाथवरच, धापा टाकत. ओझे वाटेत, चाल पुढे...

ही म्हणाली, वाटून.

मी म्हटलं, काय?

ही म्हणाली, वाटेत नाही हो, वाटून. ओझे वाटून, चाल पुढे, एकट्याने वाहू नको. आमच्याही पुस्तकात होती. लग्न झाल्यापासून तुम्ही चुकीची म्हणता.

मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. ही म्हणाली, तुम्ही पुढे असायचात.

वर नेलं. लेकीने पाणी दिलं नाही, फिल्टर दाखवला. ग्लास कुठे आहेत ते शोधायला मला तीन दारं उघडावी लागली. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या, निघताना दिल्या. मग विचारलं, कधी येतेस?

ही म्हणाली, का, काय उचलायचं राहिलंय?

मी बूट घातले. माझ्या परतीचा बस स्टॉप हिने खिडकीतून दाखवला.

२० मार्च

छपाईची चूक असावी. माझ्या पुस्तकात 'वाटेत'च होतं. फळ्यावर 'वाटून' असेलही, मी खिडकीशी बसायचो. पण मग 'एकट्याने'चा अर्थ लागतो. अठ्ठावन्न वर्षांनी लागला. पहिली आलेली मुलगी बाईंच्या ओळखीतली नसावी.

हिशेब केला. एक बाटली, माणसं दोन. माणशी वजन निम्मं. मी वाचलेल्या कोणत्याही गियरपेक्षा हलकं. दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, हो काका, पण ते दुकानात मिळत नाही.

शेजारीणबाईंनी विचारलं, वहिनी? मी म्हटलं, येणार नाही.

२१ मार्च, सकाळी ६.१५

साधी बाटली. भरून, लेबलासकट. लाँड्रीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. तोंडात कविता नव्हती.

अर्ध्या वाटेत खांब आला. बाटली उजव्या हातातून डाव्या हातात दिली.