पहिल्या प्लेटचा वारस

मी, खाली सही करणार मैनाबाई जौजे भगवानराव गावंडे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती, मूळ राहणार बोरी अरब, हल्ली मुक्काम स्टेशन रोड, यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही, असे माझा पुतण्या श्रावण याने चार घरी सांगितल्याचे कानावर आले, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घेतले आणि त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे. तो श्रावणमुळे आहे हेही दाखल्यात लिहा म्हटले, तर त्यांनी लिहिले नाही.

मसुदा वकील विठ्ठलराव भोयर यांनी करून दिला. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्रात सूप आणि कस्टर्ड यांचा उल्लेख करण्याची रीत नाही. मी म्हटले, तुमच्या मृत्युपत्रात करू नका.

कलम १. माझे यजमान भगवानराव यांच्या माघारी दोन चीजा माझ्याकडे आल्या: बोरी अरबचे विहिरीचे शेत आणि यवतमाळची स्टेशन रोडवरची इमारत. श्रावण म्हणतो, विधवेला हे सगळे हयातीपुरते, पुढे भाऊबंदांचे. ते जुने झाले. सन छप्पनच्या वारसा कायद्याने माझी मालकी पुरती झाली आहे, आणि वकिलांनी ते कलम मला दोनदा वाचून दाखवले आहे. दुसऱ्यांदा नुसते ऐकायला बरे वाटते म्हणून वाचायला लावले.

कलम २. सोन्याच्या पाटल्या श्रावणची बायको कांताबाई हिला द्याव्यात. तिने त्या कधी मागितल्या नाहीत, म्हणून.

मोत्यांची नथ माझी धाकटी जाऊ, श्रावणची आई इंदूबाई यांना द्यावी. मी विधवा झाल्यावर खालच्या हॉटेलात बसून काट्याने साहेबाचे जेवण जेवते, त्याने घराण्याला बट्टा लागला, असे त्यांनी बोरीभर सांगितले. पुढे डोळ्यांच्या औषधासाठी यवतमाळला आल्या, तेव्हा पडद्याआड बसून त्यांनी कस्टर्ड खाल्ले, परत मागवले, आणि वाटी अशी लख्ख करून ठेवली की घासणारीला काम उरले नाही. नथ घालून त्यांनी एकदा पडद्याबाहेर बसून कस्टर्ड खावे. ही अट नाही, विनंती आहे.

कलम ३. आता इमारतीविषयी. वर मी राहते. खाली 'स्टेशन रिफ्रेशमेंट रूम' आहे, तिला सगळे गाव 'साहेबी' म्हणते. ती डोंगरसिंग हिरासिंग राठोड आणि त्यांची पत्नी सुखीबाई चालवतात. डोंगरसिंग फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरचा. तरुणपणी एका विलायती कापूस-व्यापाऱ्याच्या बंगल्यावर खानसामा होता. तिथल्या मडमेने त्याला सूप, कटलेट, कोंबडीचा रोस्ट, पुडिंग, कस्टर्ड हे सगळे शिकवले. साहेब मायदेशी गेला तेव्हा बंगल्यातली टेबले, खुर्च्या आणि फुलांच्या काठाच्या प्लेटा याला देऊन गेला. माझ्या यजमानांना त्या बंगल्यावर एकदा कटलेट खायला मिळाले होते. त्याचे नाव ते जन्मभर काढत राहिले. म्हणून त्यांनी खालची जागा डोंगरसिंगला दिली. कापूस विकायला आले की घरी येण्याआधी तिथे जेवत आणि घरी येऊन पुन्हा भूक लागली म्हणत.

मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा सांगितले, सूप चमच्याने, आवाज न करता घ्यायचे असते. स्वतः बशीत ओतून भुरकले. अशा माणसाबरोबर संसार केला आहे.

तेव्हापासून आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तिथून महाराष्ट्रात आला. 'साहेबी'च्या पाटीवरचे पदार्थ मात्र जागचे हलले नाहीत. गिऱ्हाईकही तसेच. बाजाराच्या दिवशी शेतकरी येतात, सूप मागवतात आणि धोतराच्या सोग्यातून भाकर काढून त्यात कुस्करतात. रोस्ट आला की विचारतात, ह्याचा रस्सा कुठं गेला? डोंगरसिंग दर वेळी समजावून सांगतो की ह्याला रस्सा नसतो. मला दारात उभे राहून ओरडावेसे वाटते. पण जेवण झाल्यावर हीच माणसे बाहेरच्या कट्ट्यावर बसून पान खातात आणि पुढच्या बाजाराला मेहुण्याला घेऊन येतात, त्यामुळे ओरडत नाही.

माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराजवळची. तिचा एक पाय आखूड आहे. तो नीट कर म्हणून मी डोंगरसिंगला सांगत आले आहे आणि तो हो म्हणत आला आहे.

कलम ४. हे कलम मिठाचे आहे. वकिलांनी गाळले होते, मी परत घातले.

बाजाराच्या दिवशी सूप-रोस्टचे पुरे जेवण असते. बाकीचे दिवस टोस्ट आणि आमलेट. आमलेटचे मीठ डोंगरसिंगला जमते, कसे ते देव जाणे. पण बाजाराच्या दिवशी भट्टीवरून उतरलेली पहिली प्लेट नेहमी माझ्यापुढे यायची. मी समजत होते, घरमालकीण म्हणून मान आहे. मीठ कमी असले की मी प्लेट परत पाठवायची, जास्त असले तरी पाठवायची. मग आतून भांड्यांचा आवाज यायचा आणि नंतर इतरांच्या प्लेटा निघायच्या. माझ्या कधी डोक्यात आले नाही.

एकदा मी पुतणीच्या लग्नाला बोरीला गेले. परत आले तर 'साहेबी'त शोककळा. बाजाराच्या दिवशी सूप असे खारट झाले होते की माणसे अर्ध्यावर उठून गेली, आणि त्यात तहसील कचेरीतले एक पाहुणे होते. मी डोंगरसिंगला विचारले, चाखून पाहिले नव्हते काय?

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मीच काही वावगे बोलले. त्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात, मलाही तो तसेच म्हणतो. म्हणाला, "याडी, चाखून कसं द्याव लोकायले? उष्टं होते ना थे."

तेव्हा मला कळले. या माणसाने इतकी वर्षे रांधले आणि वाढण्याआधी एक थेंबही जिभेला लावला नाही. मी म्हटले, अरे, तुझी मडम तर चमचा घालून चाखायची, तूच सांगितलेस. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "म्हणून त मी तिच्या घरी कधी जेवलो नाही." सुखीबाईला विचारले, तर तीही तशीच. मागच्या पडवीत दोघे भाकर आणि डाळ खातात. साहेबाचे जेवण आधी पाहुण्याला, आणि पाहुणा जेवल्यावर उरले तर पाहू. पहिली प्लेट माझ्यापुढे आली की नैवेद्य झाला, आणि माझ्या तोंडाकडे दारातून पाहून सुखीबाई आत सांगायची, मीठ टाक किंवा पाणी घाल. "तुम्ही गावाले गेलत्या, म्हणून झालं," असा वर दोघांचा माझ्यावरच ठपका.

ज्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर लादून साऱ्या मुलखाला मीठ पुरवले, त्यांच्या पोराला सुपातले मीठ दुसऱ्याच्या तोंडावरून ओळखावे लागते. यावर मी आणखी काही लिहिले तर डॉक्टरांचा दाखला रद्द होईल.

कलम ५. मला काळजी पडली ती अशी. माझ्या माघारी पहिली प्लेट कोणापुढे जाणार? गिऱ्हाईकाला विचारावे तर आपल्याकडचा माणूस दुसऱ्याच्या दारी जेवताना वाईट म्हणत नाही. छान आहे, छान आहे म्हणत मिठाचा डोंगर संपवतो आणि पुन्हा येत नाही. दोन-तीन खारट बाजार झाले की 'साहेबी'चे दार बंद होणार. श्रावण तेवढ्याचीच वाट पाहतो आहे. त्याला तिथे गुरांच्या सरकी-ढेपेचे गोदाम करायचे आहे. माझ्या खुर्चीच्या जागी ढेपेची पोती.

म्हणून मी पहिल्या मसुद्यात लिहवून घेतले: इमारत डोंगरसिंग आणि सुखीबाई यांना द्यावी, मात्र डोंगरसिंगने प्रत्येक पदार्थ वाढण्यापूर्वी चाखला पाहिजे. न चाखल्यास इमारत श्रावणकडे जाईल. मला वाटले, आता चाखेल. दोघांना वर बोलावून वकिलांनी ते वाचून दाखवले. माणसाच्या डोक्यावरचे छप्पर त्या एका ओळीवर होते. डोंगरसिंगने डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि हात जोडले.

"याडी, इमारत तुमच्यापाशी राहू द्या. मी तांड्यावर जातो वापस. पण लोकायले उष्टं वाढू कसं?"

सुखीबाई रडत होती, पण तिनेही त्याला अडवले नाही. वकील माझ्याकडे पाहू लागले. मला राग इतका आला की मी ती दोघे जाईपर्यंत खिडकीतून स्टेशनच पाहत बसले. नंतर वकिलांना म्हटले, ती ओळ खोडा. या माणसाच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. इतक्या जणांना त्याने जेवू घातले ते पाहुणे म्हणून, गिऱ्हाईक म्हणून नाही, हे मला त्या दिवशी समजले, आणि समजल्यावर राग काही कमी झाला नाही.

कलम ६. आता श्रावण. माझ्या दिराचा हा मुलगा लहानपणापासून खोट काढणारा. लग्नाच्या पंगतीत वरण परत पाठवणारा जिल्ह्यात हा एकच. सोयरिकीला गेला आणि मुलीकडचे पोहे शिळ्या तेलाचे आहेत असे त्यांच्या तोंडावर सांगून आला. कांताबाईच्या वडिलांनी तरी मुलगी दिली, ही त्यांची भलाई. त्याला बोरीत कोणी जेवायला बोलावत नाही.

मागच्या पोळ्यानंतर तो गोदामाची गोष्ट घेऊन माझ्याकडे आला. बाजाराचा दिवस होता, मला ताप होता, खाली उतरले नाही. मी म्हटले, आधी जेवून ये. खुर्ची रिकामी होती म्हणून सुखीबाईने त्याला माझ्या जागी बसवले आणि रीतीप्रमाणे पहिली प्लेट त्याच्यापुढे गेली. मी जिन्यात येऊन उभी राहिले. त्याने एक घोट घेतला आणि साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असे म्हणाला, "ह्यात मीठ नाही. अन् कटलेटची एक बाजू जळली हाये, थे खाली करून ठेवली तुम्ही. कायले लपवता?"

मला वाटले, आता डोंगरसिंगचा अपमान झाला. तर तो दारात उभा, आणि त्याचा चेहरा असा उजळलेला की मी तसा कधी पाहिला नव्हता. प्लेट आत गेली, परत आली. श्रावणने पुन्हा खाल्ले आणि काही बोलला नाही. त्याच्या तोंडून ही पावतीच. त्या दिवशी कोणाच्या प्लेटेत काही उरले नाही. वर येऊन म्हणाला, "काकू, खुर्ची डुगडुगते थे." गोदामाचे बोलायला विसरला.

तेव्हा वारस ठरला. मला तो आवडत नाही, हे इथे नमूद करते. त्याच्याइतके खरे बोलणारे दुसरे कोणी मिळाले असते तर बरे झाले असते. मिळाले नाही.

कलम ७. सबब व्यवस्था अशी:

इमारत वरखाली संपूर्ण, डोंगरसिंग आणि सुखीबाई यांना, विनाअट.

बोरीचे विहिरीचे शेत श्रावणला. मात्र दर बाजाराच्या दिवशी, तो नाहीतरी येतोच, त्याने माझ्या खुर्चीवर बसून पहिली प्लेट खावी आणि खरे सांगावे. गोड बोलू लागला तर शेत कांताबाईच्या नावे करावे. विठ्ठलराव वकील यांनी अधूनमधून जाऊन खात्री करावी. त्यांचे जेवण 'साहेबी'कडे. सूप मृत्युपत्रात बसत नाही म्हणणाऱ्यांनी ते आता नीट प्यावे.

खुर्चीचा पाय दुरुस्त करू नये. श्रावणला एक तक्रार कायमची असू द्यावी, म्हणजे जीभ गंजणार नाही.

कलम ८. माझे दिवस श्रावणने करावेत. दहाव्याला घाटावर पिंडाजवळ लाडू ठेवू नयेत, मला ते कधी आवडले नाहीत. डोंगरसिंगच्या हातचे कटलेट ठेवावे. भटजी नाक मुरडतील, मुरडू द्यावे. ते कटलेट पिंडाजवळचे, म्हणून कोणी चाखायचे नाही, श्रावणनेसुद्धा नाही. त्या दिवशी पहिली प्लेट पुन्हा माझी.

कावळा शिवला नाही तर बायकांनी रडून, काकूंची अमकी इच्छा राहिली, तमकी राहिली, असे कबूल करत बसू नये, आणि दर्भाचा कावळाही करू नये. माझी काही इच्छा राहिलेली नाही. मीठ कमी पडले आहे, एवढाच त्याचा अर्थ. डोंगरसिंगला हाक मारावी आणि प्लेट परत पाठवावी.

वरील सर्व मी वाचून, वकिलांनी खोडलेले परत घालून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. साक्षीदारांना यातून काही मिळत नाही. आज दुपारी खाली जेवण मिळेल, मीठ मी पाहून ठेवले आहे.

मुक्काम यवतमाळ, दिनांक ९ नोव्हेंबर १९६३

सही: मैनाबाई भगवानराव गावंडे

साक्षीदार:
१. अमरसिंग चव्हाण, गार्ड, राहणार स्टेशन रोड, यवतमाळ. सही.
२. धनीबाई आडे, सुईण, राहणार घाटंजी. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.