गोजरबाईची कॅप्सूल बंद

१८ जानेवारी १९७३

आमच्या वृद्धाश्रमात नगरहून नव्या डॉक्टरीणबाई आल्या. जहिरा शेख नाव. आणि आल्या आल्या गोजरबाईची कॅप्सूल बंद! माझी खाट तिच्या शेजारी. राहवलं नाही, बोलले — "अहो, लघवीला वास येतोय हिच्या. दिवसभर बरळते. दर वेळी कॅप्सूलच देतात."

त्यांनी ताप पाहिला, छाती ऐकली, पोट दाबलं. "ताप नाही, जळजळ नाही, कुठं दुखत नाही. नुसत्या वासावर औषध द्यायचं नसतं, रतनबाई. ही पाणी किती पिते?"

पाणी! या दुष्काळात!

२० जानेवारी

व्यवस्थापक काकासाहेब भडकलेत. "म्हातारीचं काय बरंवाईट झालं तर तिच्या पोराला तोंड कोन दाखवनार?"

खरं सांगायचं तर मलाही धडकी भरलीय. गोजरबाई मला 'आक्का, आक्का' करत बसते. मी काही तिची बहीण नाही.

२५ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी काकासाहेबांना समोर बसवून समजावलं. कॅप्सूलनं हिला जुलाब होतात. अंथरूण खराब होईल म्हणून ही पाणीच पीत नाही. मग लघवी गढूळ, डोकं भ्रमिष्ट — की पुन्हा कॅप्सूल! "आणि गरज नसताना देत राहिलं, तर खऱ्या दुखण्याला हेच औषध लागू पडेनासं होतं." आवाज जरासुद्धा चढला नाही. पण हटल्या नाहीत!

काकासाहेबांनी खिशातून किल्ल्या काढल्या. मग पुटपुटले, "टाकीचं कुलूप काढतो. हिला लागंल तेवढं घ्या."

तसा माणूस वाईट नाही.

२८ जानेवारी

घोट घोट पाणी, ताक, पेज. मीच पाजते. "नगं बाई, उठावं लागतं." मग धरून मोरीपर्यंत नेते. माझी कंबर मोडते! जुलाब मात्र थांबले.

१ फेब्रुवारी

पलीकडच्या रंगुबाईला सणकून ताप. धाप लागलेली, छातीत घरघर. डॉक्टरीणबाईंनी क्षणभर वेळ घालवला नाही — पेनिसिलिनचं इंजेक्शन! मी बघतच राहिले. म्हणाल्या, "हिला हवंय." नगरची परतीची बस सोडून दिली, रंगुबाईच्या उशाशी बसून राहिल्या.

मला वाटत होतं, यांना औषधाचंच वावडं आहे. छे! किती विचारानं वागते ही बाई. हिच्या हाती माझंही दुखणं बिनघोर सोपवीन.

४ फेब्रुवारी

रंगुबाईनं भाकरी मागितली!

८ फेब्रुवारी

सकाळी गोजरबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "आक्का तर कवाच मेली. तुमी कोन?"

मी नाव सांगितलं. एवढा आनंद मला कधी झाला असेल, आठवत नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

२ मार्च

गोजरबाईचा मुलगा बन्सी आला. पाझर तलावाच्या कामावर असतो. दारातूनच भीत भीत — "आये, वळखलंस का?"

"तुला न्हाई वळखनार व्हय रं? लई वाळलास."

पोरगा तिच्या पायाशी येऊन बसला. "मला वाटलं, ही आता अशीच जायची," एवढंच बोलला.

४ मार्च

इथून बायका खांद्यावरूनच जाताना पाहिल्या आजवर. गोजरबाई आज एस.टी.नं घरी गेली. खिडकीची जागा अडवून!